समर्पकतेचे गणित : मजकूरशोधातील गुणांकन-सूत्रांचा इतिहास आणि मराठी मजकूर

प्रास्ताविक

ग्रंथालयात आलेला वाचक एखाद्या विषयावरील साहित्य मागतो, तेव्हा ग्रंथपालाला दोन कामे करावी लागतात. त्या विषयाचे साहित्य कोणते हे त्याला ठरवावे लागते आणि त्यांपैकी वाचकाच्या हाती आधी काय द्यावे हेही ठरवावे लागते. पहिल्या कामाचा इतिहास वर्गीकरण आणि तालिकीकरण या नावांनी ग्रंथालयशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत विस्ताराने आढळतो. दुसऱ्या कामाचा इतिहास मात्र फारसा लिहिला गेलेला नाही. ते काम बोलण्याबोलण्यात होत असे आणि त्याची नोंद कोठे राहत नसे. संगणकीय शोधयंत्रांनी हे दुसरे काम एका आकड्यावर सोपविले. वाचकाच्या प्रश्नाशी प्रत्येक प्रलेख किती जुळतो याचा गुणांक काढायचा आणि उतरत्या क्रमाने यादी द्यायची, अशी ही पद्धत आहे. जुळण्याच्या या मापाला प्रस्तुत लेखात ‘समर्पकता’ आणि ते माप काढण्याच्या क्रियेला ‘गुणांकन’ असे म्हटले आहे.

गुणांकनाचे सूत्र पडद्यावर दिसत नाही. त्यामुळे ते जणू यंत्राच्या पोटातील एखादा निसर्गनियम असावा असा समज होतो. इतिहास पाहिला तर चित्र वेगळे दिसते. या सूत्रांतील प्रत्येक घटक आणि प्रत्येक स्थिरांक विशिष्ट काळी, विशिष्ट मजकुरावर, विशिष्ट माणसांनी दिलेल्या निवाड्यांतून सिद्ध झाला आहे. म्हणून आपल्या संग्रहासाठी सूत्र बदलून घेणे ही यंत्राशी केलेली ढवळाढवळ ठरत नाही. ज्या रीतीने ही सूत्रे मुळात घडली त्याच रीतीने पुढे जाणे, एवढाच तिचा अर्थ आहे. मराठी मजकुराच्या बाबतीत मात्र हा बदल सूत्राच्या आधी, म्हणजे ‘शब्द’ कशाला म्हणावे येथपासूनच, सुरू करावा लागतो, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

शब्द मोजण्याची कल्पना

मजकुरातील शब्द मोजून त्याचा आशय हाती लागेल, ही कल्पना पद्धतशीरपणे मांडण्याचे श्रेय आयबीएम कंपनीतील हान्स पीटर लून यांना दिले जाते. लून हे मूळचे जर्मन. त्यांची उमेदीची वर्षे वस्त्रोद्योगात गेली आणि कापडातील धागे मोजण्याचे एक उपकरणही त्यांच्या नावावर आहे. धागे मोजणाऱ्या माणसानेच पुढे शब्द मोजावेत हा योगायोग मोठा बोलका आहे. १९५७ आणि १९५८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखांत एक साधे निरीक्षण आहे. लेखक ज्या विषयावर लिहितो त्या विषयाचे शब्द तो पुन्हा पुन्हा वापरतो. मात्र अतिशय वारंवार येणारे शब्द (मराठीत सांगायचे तर ‘आणि’, ‘आहे’, ‘हा’) काहीच सांगत नाहीत आणि अगदी क्वचित येणारे शब्दही लून यांच्या मते फारसे उपयोगी नसतात. महत्त्वाचे शब्द मधल्या पट्ट्यात सापडतात.

१९६० मध्ये मॅरन आणि कून्स यांनी दुसरे पाऊल टाकले. तोपर्यंत शोधाचे उत्तर ‘जुळते’ किंवा ‘जुळत नाही’ एवढेच असे. या दोघांनी समर्पकतेचा विचार संभाव्यतेच्या भाषेत केला आणि प्रलेख त्या संभाव्यतेच्या क्रमाने वाचकापुढे ठेवावेत असे सुचविले. क्रमवारीची कल्पना येथे प्रथमच स्पष्टपणे पुढे आली. परंतु क्रम चांगला की वाईट हे ठरविण्याचे साधन अद्याप कोणाजवळ नव्हते.

क्रॅनफील्डचे प्रयोग

ते साधन इंग्लंडमधील क्रॅनफील्ड येथील विमानविद्या महाविद्यालयाचे ग्रंथपाल सिरिल क्लेव्हरडन यांनी तयार केले. १९५७ पासून सुरू झालेल्या पहिल्या प्रयोगात सुमारे १८,००० प्रलेख चार निरनिराळ्या पद्धतींनी सूचीबद्ध करून त्यांवर १,२०० प्रश्न विचारण्यात आले. या चार पद्धतींपैकी एक मुखात्मक वर्गीकरणाची होती. तिचे मूळ डॉ. शियाळी रामामृत रंगनाथन यांच्या द्विबिंदू वर्गीकरणातून (१९३३) निघालेल्या विचारधारेत होते. भारतीय ग्रंथालयशास्त्राच्या विद्यार्थ्याने हा दुवा अवश्य लक्षात ठेवावा. निष्कर्ष मात्र आपल्याला सुखावणारा नव्हता. चारही पद्धतींचे यश साधारण ७४ ते ८२ टक्क्यांच्या दरम्यान राहिले. त्यांत मुखात्मक पद्धत तळाशी होती आणि सुटे शब्द नोंदविण्याची साधी पद्धत सर्वांत वर होती.

या निष्कर्षावर बरेच वादळ उठले आणि टीकेला उत्तर म्हणून दुसरा प्रयोग झाला. त्याचा अहवाल १९६६ मध्ये आला. या वेळी संग्रह लहान होता. त्यात १,४०० प्रलेख आणि २२१ प्रश्न होते. नव्याने शोधनिबंध लिहिलेल्या शास्त्रज्ञांना, आपले संशोधन कोणत्या प्रश्नातून निघाले आणि कोणते संदर्भ त्याला कितपत उपयोगी पडले, हे विचारण्यात आले. अशा रीतीने प्रश्न, प्रलेख आणि माणसांनी दिलेले समर्पकतेचे निवाडे असा तिहेरी संच सिद्ध झाला. कोणतेही सूत्र या संचावर चालवावे आणि माणसांच्या निवाड्याशी त्याची क्रमवारी किती जुळते ते पाहावे, ही आजवर चालत आलेली परीक्षापद्धती क्रॅनफील्डची देणगी होय. मूळ मजकुरातील सुटे शब्द काळजीपूर्वक रचलेल्या परिभाषेपेक्षा सरस ठरतात, हा निष्कर्ष या वेळीही निघाला. खुद्द क्लेव्हरडन यांनाही तो पचविणे जड गेले.

येथे एक गोष्ट नमूद करणे आवश्यक आहे. या संचातील ‘समर्पक’ म्हणजे विमानविद्येच्या अभ्यासकांना समर्पक. त्यांची भाषा इंग्रजी होती आणि त्यांचा मजकूर तांत्रिक सारांशांचा होता. मापदंड जन्माला आला तोच विशिष्ट वाचकांचा हात धरून.

दुर्मीळ शब्दाचे मोल

१९७२ मध्ये केंब्रिज येथील कॅरेन स्पार्क जोन्स यांनी ‘जर्नल ऑफ डॉक्युमेंटेशन’ या नियतकालिकात लिहिलेला लेख या इतिहासातील सर्वांत प्रभावी लेख मानावा लागेल. एखाद्या शब्दाची विशिष्टता त्याच्या अर्थावरून ठरविण्याच्या भानगडीत न पडता, तो संग्रहातील किती प्रलेखांत येतो यावरून ती ठरवावी, असे त्यांनी मांडले. जो शब्द थोड्या प्रलेखांत येतो त्याचा भार जास्त आणि जो पुष्कळ प्रलेखांत येतो त्याचा भार कमी. समजा, संग्रहात १,००,००० प्रलेख आहेत. एक शब्द त्यांतील १,००० प्रलेखांत आणि दुसरा केवळ १० प्रलेखांत येतो. एकूण प्रलेखसंख्येला शब्द ज्या प्रलेखांत येतो त्यांच्या संख्येने भागून दशमान घातांकगणक घेतल्यास पहिल्याचा भार २ आणि दुसऱ्याचा ४ येतो. यालाच व्यस्त प्रलेख-वारंवारता म्हणतात. लून यांनी क्वचित येणाऱ्या शब्दांना बाजूस सारले होते. स्पार्क जोन्स यांनी त्यांनाच मानाचे पान दिले.

हा भार शब्दाचा अंगभूत गुण नाही, ही बाब महत्त्वाची आहे. तो शब्द आणि संग्रह यांच्यातील नात्यावर ठरतो. ‘गर्भाशय’ हा शब्द वृत्तपत्रांच्या संग्रहात विशिष्ट ठरेल, पण वैद्यकीय ग्रंथालयात तो सामान्य ठरेल. सूत्र एकच राहिले तरी संग्रह बदलला की त्याचे बोलणे बदलते.

याच काळात अमेरिकेत जेरार्ड साल्टन आणि त्यांचे सहकारी ‘स्मार्ट’ नावाच्या प्रणालीवर काम करीत होते. हार्वर्डमध्ये आरंभ झालेले हे काम पुढे कॉर्नेल विद्यापीठात बहरले. प्रलेख आणि प्रश्न यांना सदिश मानून त्यांच्यातील कोनावरून साम्य काढण्याची त्यांची पद्धत प्रसिद्धच आहे. आपल्या विषयाच्या दृष्टीने मात्र त्यांचा आणि ख्रिस बकली यांचा १९८८ चा लेख अधिक मोलाचा आहे. त्यात शब्दभार काढण्याच्या १,८०० जोडण्या तपासल्या गेल्या आणि त्यांपैकी २८७ खरोखर भिन्न निघाल्या. प्रलेखातील वारंवारता कशी घ्यायची, संग्रहातील दुर्मीळता कशी घ्यायची आणि लांबीचा हिशेब कसा करायचा या तीन प्रश्नांच्या उत्तरांना त्यांनी एकेक अक्षर दिले. त्यामुळे कोणतेही सूत्र तीन अक्षरांत सांगता येऊ लागले. सूत्र म्हणजे एकसंध वस्तू नसून सुटे भाग बदलता येतील अशी जुळणी आहे, ही जाणीव त्यातून रुजली.

ओकापी आणि ट्रेक

लंडनमधील स्टीफन रॉबर्टसन आणि त्यांचे सहकारी संभाव्यतेच्या मार्गाने चालले होते. रॉबर्टसन आणि स्पार्क जोन्स यांनी १९७६ मध्ये समर्पकतेच्या निवाड्यांवरून शब्दांचे भार काढण्याची रीत सिद्ध केली. पुढे ती ‘ओकापी’ या प्रणालीत उतरली. ओकापीचा आरंभ १९८२ मध्ये पॉलिटेक्निक ऑफ सेंट्रल लंडन येथे ग्रंथालयाची संगणकीय तालिका म्हणून झाला आणि १९८९ मध्ये ती सिटी विद्यापीठात गेली.

१९९२ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने डोना हार्मन यांच्या पुढाकाराने ‘ट्रेक’ ही परीक्षामालिका सुरू केली. क्रॅनफील्डच्या १,४०० सारांशांच्या जागी आता सुमारे दोन गिगाबाइट मजकूर होता. त्यात वृत्तपत्रे, वृत्तसंस्थांच्या बातम्या आणि सरकारी राजपत्रांचे प्रचंड लांबीचे अंक होते. या पहिल्या परीक्षेत ओकापीला बेताचेच यश मिळाले. त्याचे कारण तिच्या जन्मातच होते. ग्रंथालयाच्या तालिकेतील नोंद दोन-चार ओळींची असते. तीत एखादा शब्द बहुधा एकदाच येतो आणि सर्व नोंदींची लांबी जवळजवळ सारखी असते. त्यामुळे शब्द किती वेळा आला आणि प्रलेख किती लांब आहे, हे विचारण्याची गरज ओकापीच्या सूत्राला कधी पडलीच नव्हती. तालिकेसाठी योग्य असलेले सूत्र राजपत्रापुढे उघडे पडले.

पुढील दोन वर्षांत रॉबर्टसन आणि स्टीफन वॉकर यांनी या उणिवा दूर केल्या. शब्दाची वारंवारता वाढेल तसा गुण वाढावा, पण वाढीचा वेग मंदावत जावा, अशी योजना त्यांनी केली. वारंवारतेला ‘वारंवारता अधिक स्थिरांक’ या बेरजेने भागावयाचे, एवढीच ती युक्ती. स्थिरांक १.२ घेतला तर शब्द एकदा आल्यास ०.४५, दोनदा आल्यास ०.६३, दहा वेळा आल्यास ०.८९ आणि शंभर वेळा आल्यास ०.९९ असा गुण मिळतो. दहाव्या उल्लेखानंतर पुनरुक्तीला जवळजवळ काहीच किंमत उरत नाही. वक्त्यांनीही हे सूत्र अभ्यासावे असे गमतीने म्हणावेसे वाटते.

लांबीचा प्रश्न अधिक सूक्ष्म होता आणि येथे सूत्रकारांनी केलेला विचार साहित्याच्या अभ्यासकालाही रुचावा. प्रलेख लांब का असतो? एक कारण पाल्हाळ. लेखक तेच अधिक शब्दांत सांगतो. तसे असेल तर लांबीच्या प्रमाणात वारंवारता कमी धरली पाहिजे. दुसरे कारण व्याप्ती. लेखक खरोखरच अधिक सांगतो. तसे असेल तर लांबीबद्दल दंड करणे अन्यायाचे होईल. पहिल्या गृहीतावर बेतलेल्या सूत्राला ‘बीएम ११’ आणि लांबी सर्वस्वी सोडून देणाऱ्या सूत्राला ‘बीएम १५’ अशी नावे होती. १९९४ च्या तिसऱ्या ट्रेकमध्ये या दोहोंचा मेळ घालणारे ‘बीएम २५’ आले. त्यात ‘बी’ नावाचा एक स्थिरांक शून्य ते एक यांच्या दरम्यान कोठेही ठेवता येतो. शून्य म्हणजे सर्व लांबी व्याप्तीची आणि एक म्हणजे सर्व लांबी पाल्हाळाची. प्रचारात रूढ झालेले मूल्य ०.७५ आहे. या मूल्याने, दोनदा आलेल्या शब्दाला सरासरी लांबीच्या प्रलेखात ०.६३, दुप्पट लांबीच्या प्रलेखात ०.४९ आणि निम्म्या लांबीच्या प्रलेखात ०.७३ गुण मिळतो.

सूत्राच्या मांडणीत स्वतःहून निघणारे असे हे ०.७५ नव्हे. ट्रेकमधील इंग्रजी मजकूर आणि तेथील परीक्षकांचे निवाडे यांच्याशी ताडून पाहता ते बरे ठरले, एवढेच. कॉर्नेलमध्ये साल्टन यांचे विद्यार्थी असलेल्या अमित सिंघल यांनी (त्यांचे पदवीशिक्षण रुडकी येथे झाले होते) १९९६ मध्ये सहकाऱ्यांसह हाच प्रश्न उलट बाजूने सोडविला. कोणत्या लांबीचे प्रलेख परीक्षकांनी समर्पक ठरविले आणि कोणत्या लांबीचे प्रलेख सूत्राने वर आणले, यांची तुलना त्यांनी केली. जुने सूत्र आखूड प्रलेखांना झुकते माप देत असल्याचे त्यांना दिसले आणि तो झुकाव काढून टाकणारी दुरुस्ती त्यांनी सुचविली. माणसाचा निवाडा आधी आणि सूत्र त्याच्या मागून, हा क्रम या कामात अगदी उघड दिसतो.

याच दशकाच्या अखेरीस महाजालावरील शोधयंत्रांनी दुव्यांच्या आधारे पृष्ठाचे वजन ठरविण्याची पद्धत आणली. तिची चर्चा अन्यत्र विपुल झाली आहे. संस्थेच्या आतील संग्रहांना, जुन्या नियतकालिकांना वा कोशांना असे दुवे नसतात. तेथे मजकुरावरूनच काम भागवावे लागते.

ल्यूसीन : सूत्र सर्वांच्या हाती

येथवरची सूत्रे प्रयोगशाळांत राहिली होती. ती सामान्य आज्ञावलीकाराच्या हाती आली ती ‘ल्यूसीन’मुळे. डग कटिंग यांनी १९९७ च्या सुमारास लिहावयास घेतलेली ही मुक्त आज्ञावली २००१ मध्ये अपाची प्रतिष्ठानाकडे आली. कटिंग यांच्या पत्नीचे मधले नाव तिला मिळाले आहे. पुढे ‘सोलर’ (२००६ मध्ये अपाचीकडे) आणि ‘इलास्टिकसर्च’ (२०१०) ही शोधयंत्रे तिच्याच पायावर उभी राहिली. ग्रंथालये, वृत्तपत्रे आणि शासकीय संकेतस्थळे यांचा शोध आज मोठ्या प्रमाणावर या घराण्याच्या आधाराने चालतो.

ल्यूसीनचे मूळ गुणांकन साल्टन यांच्या परंपरेतील होते. वारंवारतेचे वर्गमूळ, दुर्मीळतेचा भार आणि शब्दसंख्येच्या वर्गमूळाने भागणे हे त्याचे मुख्य घटक होते. वर्गमूळाला वरची मर्यादा नसते. शंभर वेळा आलेला शब्द एकदा आलेल्या शब्दाच्या दसपट गुण मिळवितो. मात्र कटिंग यांनी हे सर्व घटक ‘सिमिलॅरिटी’ नावाच्या एका वर्गात वेगळे काढून ठेवले आणि ज्याला हवे त्याने तेवढाच भाग नव्याने लिहून द्यावा अशी सोय केली. स्मार्टमधील तीन अक्षरांची कल्पना येथे आज्ञावलीच्या रचनेत उतरली.

सोय होती, पण तिला बेड्याही होत्या. प्रलेखाच्या लांबीचा घटक सूची बनवितानाच मोजून एका बाइटमध्ये, म्हणजे केवळ २५६ शक्य मूल्यांपैकी एका मूल्यात, कोंबला जाई. जागा वाचविण्यासाठी केलेली ही काटकसर होती. लांबीविषयीचे मत बदलायचे तर सगळा संग्रह पुन्हा सूचीबद्ध करावा लागे. एखाद्या प्रलेखाला जास्त महत्त्व द्यावयाचे असल्यास तो वाढीव भारही त्याच बाइटमध्ये मिसळला जाई आणि लांबी किती व महत्त्व किती हे नंतर वेगळे काढता येत नसे. २००७ च्या ट्रेकमध्ये आयबीएमच्या हैफा येथील संशोधकांनी ल्यूसीन उतरविले, तेव्हा वारंवारता आणि लांबी यांचा हिशेब बदलताच त्याची कामगिरी स्पष्टपणे सुधारली. त्यांनी शोधयंत्र तेच ठेवले होते. बदलली होती ती केवळ मोजणी.

२०१२ च्या ऑक्टोबरमध्ये आलेल्या चौथ्या आवृत्तीत गुणांकनाची चौकट नव्याने बांधली गेली. बीएम २५ सह अनेक सूत्रे पर्याय म्हणून मिळू लागली. २०१६ च्या सहाव्या आवृत्तीपासून बीएम २५ हेच मूलभूत सूत्र झाले आणि २०१७ च्या सातव्या आवृत्तीत सूची बनविताना भार मिसळण्याची जुनी सोय काढून टाकण्यात आली. सिटी विद्यापीठातील सूत्राला सर्वसामान्य वापरात मूलभूत स्थान मिळण्यास २२ वर्षे लागली. त्याबरोबर १.२ आणि ०.७५ हे दोन आकडेही जगभरच्या संग्रहांत, कोणी न विचारता, जाऊन बसले.

मराठी मजकुरापुढील प्रश्न

वरील सर्व सूत्रे एक गोष्ट गृहीत धरतात. दोन रिकाम्या जागांमधील अक्षरसमूह म्हणजे शब्द आणि तोच शब्द पुन्हा आला तर यंत्राला तो ओळखू येतो. इंग्रजीत हे बऱ्याच अंशी खरे आहे. मराठीत नामाचे सामान्यरूप होते, त्याला विभक्तिप्रत्यय लागतो, शब्दयोगी अव्यय जोडून लिहिले जाते आणि त्यावर पुन्हा ‘चा-ची-चे’ चढते. समजा, १,००,००० प्रलेखांच्या संग्रहात ‘धरण’ हा शब्द सर्व रूपे मिळून ५,००० प्रलेखांत येतो. त्याचा खरा भार १.३ होतो. पण निव्वळ ‘धरण’ हे रूप ५०० प्रलेखांतच असेल, तर यंत्र त्याला २.३ भार देते. ‘धरणाखालच्या’ हे रूप ५ प्रलेखांत असेल, तर त्याला ४.३ मिळतो. ‘धरणाखालच्या गावांचे पुनर्वसन’ असा शोध घेणाऱ्या वाचकापुढे मग योगायोगाने हे एक रूप वापरणारा लेख सर्वांत वर येतो आणि पुनर्वसनावरील मूलगामी लेख खाली राहतो. स्पार्क जोन्स यांचे सूत्र येथे चुकलेले नाही. त्याला मोजायला दिलेली वस्तूच चुकीची आहे. प्रलेखाच्या आतही तेच घडते. बारा वेळा आलेला ‘धरण’ नऊ रूपांत विखुरला तर वारंवारतेचे गणित कोसळते.

या हानीचे मोजमाप झालेले आहे. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या पुढाकाराने २००८ मध्ये ‘फायर’ ही भारतीय भाषांसाठीची परीक्षामालिका सुरू झाली. तिच्या मराठी संचात ‘महाराष्ट्र टाइम्स’ आणि ‘सकाळ’ या दैनिकांतील सुमारे ९९,००० बातम्या आणि लेख होते. क्रॅनफील्डची रीत अर्धशतकानंतर मराठीत आली ती अशी. स्वित्झर्लंडमधील नूशातेल विद्यापीठाच्या डोलामिच आणि सावॉय यांनी या संचावर निरनिराळी सूत्रे तपासली आणि २०१० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. शब्दांचे प्रत्यय सढळपणे छाटले असता, न छाटण्याच्या तुलनेत बंगालीत सुमारे १८ टक्के, हिंदीत सुमारे २८ टक्के आणि मराठीत सुमारे ४२ टक्के सुधारणा झाली. तीन भाषांत सर्वाधिक लाभ मराठीला झाला, याचा अर्थ सर्वाधिक नुकसानही तिचेच होत होते. याच अभ्यासात आणखी एक चमत्कारिक गोष्ट आढळली. व्याकरण बाजूस ठेवून प्रत्येक शब्दाची पहिली चार चिन्हे तेवढी राखली तरी फळ जवळपास तितकेच चांगले येते. ‘सरकारने’, ‘सरकारच्या’, ‘सरकारकडून’ ही सर्व रूपे ‘सरका’ या एका ठोकळ्यात जमा होतात. त्यात ‘सरकावणे’ही येऊन बसते, हा भाग निराळा.

मराठी आणि इंग्रजी मजकूर एकाच सूचीत ठेवण्याची पद्धत महाविद्यालयीन व शासकीय संग्रहांत सर्रास दिसते. तिचा परिणामही पाहण्यासारखा आहे. १०,००० मराठी प्रलेखांपैकी ९,००० प्रलेखांत ‘आणि’ येत असेल, तर त्याचा भार जवळजवळ शून्य (०.०५) असावयास हवा. त्याच सूचीत ९०,००० इंग्रजी प्रलेख आले की तो १.०५ होतो. निरर्थक अव्यय एकाएकी अर्थपूर्ण ठरते. येथे दोन भाषांच्या सूच्या वेगळ्या करणे किंवा निदान प्रलेखसंख्या भाषावार मोजणे, हाच गुणांकनातील पहिला बदल असावयास हवा.

जुन्या मजकुराची अडचण याहून खोल आहे. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम १९६२ मध्ये शासनमान्य झाले आणि अनुच्चारित अनुस्वार गेले. त्यापूर्वीच्या मजकुरात ‘कांहीं’, ‘नाहीं’, ‘झालें’, ‘घरें’ अशी रूपे आहेत. श्रीधर व्यंकटेश केतकर यांचा ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोश’ याच लेखनपद्धतीचा आहे. आजचा वाचक आजच्या लेखनाने शोध घेतो आणि यंत्र त्याला १९६२ नंतरचे जग दाखवते. जुना लेख नाहीसा होत नाही, तो विसाव्या-तिसाव्या पानावर जातो. संशोधकाच्या दृष्टीने या दोहोंत फारसा फरक नाही. त्यात संकेतनाचा घोळ आहे. ‘दऱ्या’ या शब्दातील अर्धा र दोन वेगवेगळ्या संकेतक्रमांनी लिहिता येतो. डोळ्यांना शब्द एकच दिसतो, पण यंत्राच्या लेखी ते दोन असतात.

सगळे अनुस्वार सरसकट काढून टाकणे हा यावरचा उपाय नव्हे. तसे केल्यास ‘मंद’ आणि ‘मद’, ‘वंदन’ आणि ‘वदन’ एक होतील आणि ‘चिंता’ व ‘चिता’ यांचेही अद्वैत साधेल. ते संस्कृत सुभाषितकारांना सुचले होते, पण शोधयंत्राकडून त्याची अपेक्षा नाही. उपाय गुणांकनाच्या क्षेत्रात आहे. प्रत्येक प्रलेखाचा मजकूर दोन क्षेत्रांत ठेवावा. एकात यथामूल रूपे आणि दुसऱ्यात अनुस्वार व प्रत्यय काढलेली रूपे ठेवून पहिल्याला अधिक भार द्यावा. तंतोतंत जुळणारा प्रलेख वर येईल आणि जुन्या लेखनाचा प्रलेखही स्पर्धेत राहील. मात्र दोन क्षेत्रांचे गुण वेगवेगळे काढून त्यांची बेरीज करण्यात एक धोका आहे. तो रॉबर्टसन, झारागोझा आणि टेलर यांनी २००४ मध्येच दाखविला होता. मंदावत जाणारी वाढ प्रत्येक क्षेत्रात स्वतंत्रपणे सुरू होते आणि एकच शब्द दोन ठिकाणी पहिल्या उल्लेखाचा पूर्ण मान घेतो. म्हणून आधी वारंवारतांची भारित बेरीज करावी आणि मग ती सूत्रात घालावी, असे त्यांनी सुचविले.

लांबीच्या स्थिरांकाचेही तसेच. विश्वकोशातील नोंद लांब असते ती बहुधा व्याप्तीमुळे, कारण पाल्हाळ संपादकाने आधीच कापलेला असतो. अशा संग्रहात ‘बी’चे मूल्य ०.७५ हून बरेच खाली आणणे सयुक्तिक वाटते. विधिमंडळाच्या कामकाजाच्या वृत्तान्तांबाबत कदाचित याच्या उलट करावे लागेल. पण असे वाटणे म्हणजे पुरावा नव्हे. पुराव्यासाठी त्या त्या संग्रहाचे प्रश्न हवेत आणि त्या मजकुराचे जाणकार वाचक हवेत. फायरच्या मराठी संचातील ५० प्रश्न नव्या शतकातील बातम्यांचे आहेत. त्यांवर जुळविलेले मूल्य एकोणिसाव्या शतकातील नियतकालिकांना लागू पडेल असे मानण्यास आधार नाही. दुसऱ्या क्रॅनफील्ड प्रयोगाचा संग्रह १,४०० प्रलेखांचा होता आणि प्रश्न होते २२१. एका महाविद्यालयाचे ग्रंथालय, मराठी व इतिहास या विभागांचे अध्यापक आणि पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थी यांना दोन-तीन वर्षांत पेलेल एवढेच हे काम आहे.